लॉटरी लागलेल्याचं नाव फळ्यावर लिहावं का?

विनायक_क (धागाकर्ता)

मे महिन्यात कल्याणचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर बाबांच्या स्टॉलचा फळा सापडला. दोन बाय तीन फुटांचा पत्रा, काळा ऑइलपेंट मारलेला, वरच्या कोपऱ्यात लक्ष्मीचा अर्धवट निघालेला स्टिकर. बाबांचा १९८२ पासून जवळजवळ वीस वर्षं स्टेशनबाहेर लॉटरीचा स्टॉल होता. सुतळीला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांना तिकिटं, पुढ्यात निकालाच्या कागदांची चळत आणि चाळिशी लागलेल्या गिऱ्हाइकांसाठी दोऱ्याने बांधलेलं भिंग. शाळा सुटली की निकाल बघून द्यायचं काम माझं. शेवटचे चार आकडे जुळले की माणसाचा आवाज बदलतो, हे मला सातवीतच कळलं होतं.

१९९३ किंवा ९४ असेल. बाबांकडच्या तिकिटावर एका गिऱ्हाइकाला दोन लाख लागले. अंबरनाथला कारखान्यात फिटर, चाळीत दोन खोल्या, तीन मुली. बाबांना त्याच्याइतकाच आनंद. पेंटर बोलावून फळ्यावर लिहून घेतलं: 'आमच्या येथील भाग्यवान विजेते श्री. अमुक अमुक, राहणार अमुक चाळ, रु. २,००,०००/-'. पुढचे दोन आठवडे विक्री दुप्पट.

तिसऱ्या आठवड्यात, रात्री आवराआवर चालली असताना तो माणूस आला. म्हणाला, "भाऊ, तेवढं नाव पुसा." बाबा म्हणाले, "अहो, लोक फळ्याला हात लावून नमस्कार करतायत तुमच्या नावाला." तो पुढे काही बोलला नाही. समोरच्या नळावर रुमाल भिजवून आणला आणि फळा घासायला लागला. ऑइलपेंट पाण्याने कुठला निघतोय! बाबा त्याचा हात धरतायत, तो हिसडा देऊन पुन्हा घासतोय, आणि मी भिंगाचा दोरा बोटाला गुंडाळत उभा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नावावर आणि चाळीवर काळा पट्टा मारला. आकडा मात्र ठेवला. तो माणूस पुन्हा कधी स्टॉलवर आला नाही. मागाहून कळलं, की मेहुणा टेम्पोसाठी, चाळकमिटी मांडवासाठी आणि गावचे दोघं देवळाच्या कळसासाठी त्याच्या घरी ठाण मांडून बसले होते.

लॉटरी लागलेल्याला गुपचूप राहायचा हक्क असावा का? माझ्या मते नाव सरकारला कळावं, गावाला कळायची गरज नाही. पण त्या फळ्यावर आमचं घर चाललं हेही खरं, म्हणून तुम्हाला विचारतोय.

फुकटफाकट

मला लागली तर इथे धागा काढून सांगेन. मग तुम्ही सगळे ब्लॉक. (हलकंच घ्या.)

बदलीवरचा_बँकवाला

विनायकराव, फळ्याचा फोटो टाका की.

मी तीन वर्षं केरळात होतो, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. आपल्याकडे लॉटरी म्हटलं की लोक नाक मुरडतात. तिकडे ती सरकारी आणि घरातली गोष्ट. १९६७ साली लॉटरीचं सरकारी खातं सुरू झालं, २६ जानेवारी १९६८ ला पहिली सोडत, तिकीट एक रुपया, पहिलं बक्षीस पन्नास हजार. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी त्यानंतरची, १९६९ ची. तिथे रोज दुपारी तीन वाजता अख्खा बाजार मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो.

२०२२ च्या ओणम बंपरचा (ओणम सणाच्या मोठ्या सोडतीचा) किस्सा बहुतेकांना माहीत असेल. पंचवीस कोटींचं पहिलं बक्षीस, तिकीट पाचशेचं. तिरुअनंतपुरमच्या एका रिक्षावाल्याला लागलं. पैसे कमी पडत होते म्हणून मुलाचा गल्ला फोडून त्याने तिकीट घेतलं होतं. १८ सप्टेंबरला सोडत झाली आणि आठवडा संपायच्या आत तो समाजमाध्यमांवर हात जोडून सांगत होता, की पैसे अजून मिळालेलेच नाहीत, लोक पहाटेपासून दारात उभे राहतात, पोराला बरं नाही तरी घरी जाता येत नाही. एवढं मोठं बक्षीस लागलंच नसतं तर बरं, असंही म्हणाला. बायकोपोरांना घेऊन नातेवाइकांकडे लपून राहायची वेळ आली त्याच्यावर.

त्याचा परिणाम लगेच दिसला. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये ख्रिसमस-न्यू इयर बंपरचे सोळा कोटी ज्याला लागले, त्याने खात्याला सांगून टाकलं की माझं नाव बाहेर जाऊ देऊ नका. तिकीट थेट लॉटरी खात्याकडे न देता बँकेमार्फत जमा करायची सोय तिथे आहेच.

आमच्या शाखेतही एकदा असा एक जण आला होता. रक्कम या कोटींपुढे किरकोळ, पण त्या माणसाच्या मानाने डोंगर. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात तिकीट, त्यावर रबरबँड, आणि ते सगळं वहीच्या कव्हरमध्ये. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाईपर्यंत त्याने ते काढलंच नाही. आत गेल्यावर पहिला प्रश्न रकमेचा नव्हता. विचारलं, "तुमच्यापैकी माझ्या गावचं कोणी आहे का?" होता एक जण, कॅश काउंटरवर. मॅनेजरने त्याला जेवायला पाठवलं आणि मग पावती लिहिली.

शंकासुर

बँकवाले, किस्सा भारी. पण धाग्यात सगळे एकाच बाजूला झुकायच्या आत दुसरी बाजू मांडतो.

एडी टिप्टन हे नाव ऐकलंय? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या लॉटऱ्या मिळून चालवणाऱ्या संघटनेत हा माहिती सुरक्षेचा प्रमुख. चोर पकडायला नेमलेला माणूस. आकडे काढणाऱ्या संगणकातच त्याने अशी मेख मारून ठेवली होती, की वर्षातल्या ठरावीक दिवशी कुठले आकडे येऊ शकतील ते त्याला आधीच कळावं. २९ डिसेंबर २०१० ला आयोवात 'हॉट लोटो'ची सोडत झाली, बक्षीस एक कोटी पासष्ट लाख डॉलर. वर्षभर कोणी फिरकलंच नाही. मग मुदत संपायला काही तास उरले असताना न्यूयॉर्कच्या एका वकिलाकडून दावा आला. मालक कोण? तर बेलिझ या देशातला एक ट्रस्ट. ट्रस्टच्या मागे कोण, ते सांगणार नाही म्हणे.

आयोवाच्या नियमाप्रमाणे नाव सांगावंच लागतं. लॉटरीवाले अडून बसले, तिकीट कोणी घेतलं ते सांगा आणि पैसे घेऊन जा. समोरच्याने दावा मागे घेतला! एवढे कोटीवर डॉलर कोणी सोडून जातो का? तिथून पोलीस मागे लागले. तिकीट घेतानाचं दुकानातलं सीसीटीव्ही चित्रण २०१४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा टोपी ओढून बसलेल्या त्या गिऱ्हाइकाचा आवाज ओळखीच्या लोकांनी ओळखला. त्याने तिकिटाबरोबर दोन हॉट डॉगही घेतले होते. पुढे आणखी राज्यांतल्या सोडतीही त्याने फिरवल्याचं निघालं, आणि २०१७ साली पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

आता सांगा, आयोवात नाव गुप्त ठेवायची मुभा असती तर? ट्रस्टच्या नावाने चेक गेला असता आणि गडी आजही सुरक्षा सांभाळत बसला असता.

आपल्याकडे तर आणखी एक भानगड. लागलेलं तिकीट जास्त पैसे मोजून विकत घ्यायचं आणि काळा पैसा पांढरा करायचा, ही चाल जुनी आहे. तीस टक्के कर भरला की पैसा गंगेत न्हालेला. नाव झाकलंत की असल्यांची दिवाळी.

विनायक_क

शंकासुर, तुमची दोन्ही उदाहरणं वजनदार आहेत. पण नीट बघा, आयोवात चोर सापडला तो लॉटरी खात्याने नाव मागितलं म्हणून. शेजारपाजारच्यांना नाव कळलं म्हणून नाही. खातं, आयकर, ऑडिटर, पोलीस, सगळ्यांना कळू द्या. बाबांच्या फळ्यावर काय काम?

शंकासुर

आणि खात्यातलाच माणूस चोर असला तर? टिप्टन कोण होता? म्हणून म्हणतो, बाहेरच्या माणसाला बघता आलं पाहिजे. एकाच घरात चार वर्षांत तीनदा पहिलं बक्षीस गेलं, तर ते ऑडिटरच्या आधी पत्रकाराच्या डोळ्यांत भरेल.

आकडेमोड

मी सीए. दोघांच्या भांडणात एक हिशेब घुसवतो, कारण नाव फुटल्यावरचा निम्मा त्रास चुकीच्या आकड्याचा असतो.

पंचवीस कोटी लागले. त्यातले दहा टक्के एजंटचे, म्हणजे अडीच कोटी आधीच गेले. उरले साडेबावीस. त्यावर तीस टक्के टीडीएस, पावणेसात कोटी. हातात पंधरा कोटी पंचाहत्तर लाख. वर्तमानपत्रं इथेच थांबली. पण त्या वर्षी पाच कोटींवरच्या उत्पन्नाला करावर सदतीस टक्के अधिभार होता, तो सुमारे अडीच कोटी. सगळ्या करावर चार टक्के सेस, सदतीस लाख. हे टीडीएसमध्ये कापलेलं नसतं, स्वतः भरावं लागतं. खरा हिशेब उरतो बारा कोटी अठ्ठ्याऐंशी लाख.

गावाच्या डोक्यात पंचवीस, माणसाच्या खात्यात पंधरा, त्यातले जवळजवळ तीन अजून सरकारचे. मार्चच्या आत त्याने दिलदारपणे वाटून टाकले तर जुलैत त्याच्यावरच कर्ज काढायची पाळी. म्हणून किमान पहिलं विवरणपत्र भरेपर्यंत तरी नाव बाहेर येऊ नये, हे माझं धंद्याच्या अनुभवावरून मत. केरळ सरकारने नंतर विजेत्यांसाठी पैसा कसा सांभाळायचा याचा एक दिवसाचा वर्ग सुरू केला, ते उत्तम केलं.

न्यू_जर्सीचा_नाना

आम्ही ऑफिसात सतरा देशी वर्गणी काढून तिकिटं घेतो, त्यामुळे इथले नियम पाठ आहेत. लागली अजून चार डॉलरच्या वर नाही.

अमेरिकेत एकच एक नियम नाही, राज्यागणिक वेगळा. डेलावेअर, मेरिलँड, कॅन्सस वगैरे ठिकाणी आधीपासून नाव लपवता येतं. टेक्सासमध्ये दहा लाख डॉलरपासून पुढे, आमच्या न्यू जर्सीत २०२० च्या कायद्याने. कॅलिफोर्नियात मात्र नाव जाहीर होतंच. फ्लोरिडाचा मधला मार्ग, अडीच लाख डॉलरपासून पुढे नव्वद दिवस नाव झाकून ठेवतात. आकडेमोड म्हणतात त्यातलंच.

फ्लोरिडाला हे सुचायला कारणही आहे. तिथे २००६ साली तीन कोटी डॉलर लागलेल्या एका माणसाशी एका बाईने मदतीच्या मिषाने ओळख काढली, पैसा हळूहळू आपल्याकडे वळवला, आणि शेवटी तो माणूस काँक्रीटच्या लादीखाली पुरलेला सापडला. बाईला २०१२ मध्ये शिक्षा झाली.

आणि न्यू हॅम्पशायरची केस वाचण्यासारखी आहे. जानेवारी २०१८, पॉवरबॉल, सुमारे ५६ कोटी डॉलर. बाईने आनंदाच्या भरात तिकिटाच्या मागे सही, नाव, पत्ता लिहून टाकला. मग वकिलाकडे गेली तर तो म्हणाला, कोरं तिकीट आणलं असतंत तर ट्रस्टच्या नावाने दावा करता आला असता, नाव कुठेच आलं नसतं. आता खोडलंत तर तिकीटच बाद. शेवटी कोर्टात गेली. न्यायाधीशांनी सांगितलं, नाव गुप्त ठेवा, गाव सांगायला हरकत नाही. लॉटरीवाल्यांचं म्हणणं शंकासुरांचंच होतं, लोकांना खरी माणसं दिसली नाहीत तर विश्वास कोण ठेवणार.

विनायक_क

नाना, गंमत म्हणजे आमच्या स्टॉलवर बाबा प्रत्येकाला उलट सांगायचे, "आधी मागे सही करा, मग खिशात घाला." आपल्याकडे ज्याच्या हातात तिकीट त्याचं बक्षीस, अशी भीती. हरवलं, पाकीट मारलं गेलं, तर सहीशिवाय कोण विचारतो. एकाच सहीने तिकडे बाईची पंचाईत, इकडे माणसाची सुटका.

रत्नांग्रीची_लेक

सगळे पुरुष एका गोष्टीबद्दल बोलतच नाहीयेत. गुप्त, पण कोणापासून?

चीनमध्ये विजेते कार्टूनचे मोठे पोशाख घालून चेक घ्यायला येतात, हे माहीत असेल. २०२२ साली ग्वांगशीमधल्या एकाला जवळजवळ बावीस कोटी युआन लागले. तो पिवळा बाहुला होऊन आला आणि सांगितलं, की बायकोला आणि मुलाला कळवलेलं नाही, ते आळशी होतील म्हणून! नेटवर सगळे हसले. मला नाही आलं हसू. घरखर्चाला पैसे मागणाऱ्या बाईला नवरा कोट्यधीश आहे हे माहीत नाही, आणि सरकार त्याला बाहुलीचा मुखवटा देतंय.

गावापासून लपवा, मेहुण्यापासून लपवा, बायकोपासून लपवायचा हक्क कुठून आला?

फुकटफाकट

मेहुण्यापासून लपवायचं म्हणजे बायकोपासून लपवावंच लागतं ताई.

रत्नांग्रीची_लेक

तुमचे मेहुणे हा धागा वाचत असतील अशी आशा करते.

बरं, दुसरं. माझ्या भावाला सरकारी घरांच्या सोडतीत घर लागलं. तीही लॉटरीच. तिथे मात्र मला यादी नावासकट हवी. कारण अर्ज करताना उत्पन्न, राखीव गट, जिल्हा सगळं लिहून दिलेलं असतं आणि खोटं लिहिणारे असतात. यादी उघड नसती तर 'आतल्यांना' घरं गेली असं सगळ्यांनी म्हटलं असतं. पण तिथे माणसाने पात्रता सांगून जनतेच्या मालकीचं काहीतरी घेतलेलं असतं. तिकीट विकत घेणाऱ्याने फक्त पाचशे रुपये दिले, कुठलाही दाखला दिला नाही. शंकासुरांनी या दोन गोष्टींत फरक करावा.

शंकासुर

फरक पटला. पण लॉटरीही सरकारीच आहे हो. १९९८ च्या कायद्याने तिकीट सरकारनेच छापायचं, सोडत सरकारनेच करायची, आणि न मागितलेलं बक्षीसही सरकारचंच. म्हणजे जनतेच्या मालकीचं म्हणायला जागा आहे.

दुबईकर_दादू

आमच्याकडे प्रश्नच येत नाही. अबुधाबीच्या 'बिग तिकीट' लॉटरीची सोडत थेट दाखवतात आणि निवेदक स्टेजवरूनच विजेत्याला फोन लावतो. तिकिटाच्या नंबराबरोबर नाव पडद्यावर. विजेते बहुतेक वेळा आपलेच, मल्याळी तर हमखास. गंमत बघा, अर्धे जण फसवणुकीचा कॉल समजून फोन कापतात. कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत माणूस शिफ्ट संपवून झोपलेला, आणि गावाकडे केबलवर त्याचा शाळेतला फोटो.

माझ्या एका सहकाऱ्याचा ग्रुप आहे, दहा जणांचा. तिकीट मुद्दाम सगळ्यांत लांबच्या गावच्या माणसाच्या नावाने काढतात. त्याच्या गावात मोबाइलला रेंज नाही हीच त्याची पात्रता.

लंडन_लोकल

इंग्लंडमध्ये नाव सांगायचं की नाही हे विजेत्यावर सोडलेलं आहे आणि बहुसंख्य लोक नाहीच सांगत. पण कायद्याने सगळं होत नाही, हे पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. राष्ट्रीय लॉटरी १९ नोव्हेंबर १९९४ ला सुरू झाली. डिसेंबरात ब्लॅकबर्नच्या एका भारतीय वंशाच्या कामगाराला पावणेदोन कोटी पौंडांच्या वर लागले. त्याने नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं. टॅब्लॉइडवाले गावात उतरले आणि काही दिवसांत शोधून काढलं. पुढे त्या घरात जी भांडणं झाली ती इथे लिहीत नाही.

बदलीवरचा_बँकवाला

लंडन_लोकल यांनी नेमकं बोट ठेवलं. केरळातही नाव सरकारी खात्यातून फुटत नाही, विक्रेत्याकडून फुटतं. निकाल लागताक्षणी कुठल्या एजंटचं तिकीट हे जाहीर होतं. एजंटला बक्षिसावर कमिशन मिळणार, त्यामुळे तो फटाके लावतो, पेढे वाटतो, चॅनेलवाल्यांना चहा देतो. छोट्या गावातल्या टपरीवर पाचशेची तिकिटं घेणारे असतात किती? संध्याकाळपर्यंत नाव निघतंच. २०२३ चा ओणम बंपर वालयार नाक्यावर विकलेल्या तिकिटाला लागला. हद्दीवरचं गाव, तिकीट घेणारे तमिळनाडूचे चार जण. गावातलं गिऱ्हाईक नव्हतं तरी दोन दिवसांत सापडलेच.

त्यामुळे कायदा करायचाच तर आधी विक्रेत्याच्या तोंडाला कुलूप. विनायकराव, माफ करा, पण तुमचा फळा हाच खरा प्रश्न आहे.

विनायक_क

माफी कसली, मी धागा काढला तोच त्यासाठी.

काल आईला विचारलं. ती म्हणाली, त्या महिन्यात बाबांनी फळा उतरवायचा म्हणून दोनदा खिळे काढले आणि दोनदा ठोकले. शेजारच्या स्टॉलवर पाच लाखांचा फळा होता, आपला उतरवला तर गिऱ्हाईक तिकडे जाणार. माझी दहावीची क्लासची फी त्याच महिन्यात भरली होती, हे तिने आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

शंकासुरांना माझं उत्तर एवढंच: बाहेरच्या माणसाला बघता यावं हे मान्य. मग दरवर्षी खात्याने ऑडिटरकडून तपासून घेऊन जाहीर करावं, किती विजेते, कुठल्या जिल्ह्यातले, कोणाला एकाहून जास्त वेळा. नाव नको. नावं बंद पाकिटात, संशय आला तर कोर्टाने ते उघडावं. विक्रेत्याला दहा टक्के द्या, पण फळ्यावर फक्त आकडा.

शंकासुर

'कोणाला एकाहून जास्त वेळा' हे ठेवलंत तर माझी निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी ठेवतो, धागा चालू राहायला हवा.

फुकटफाकट

फळ्याचा फोटो राहिला.

विनायक_क

काल गच्चीवर नेला होता फोटोसाठी. सकाळचं तिरपं ऊन पडलं तसा काळ्या पट्ट्याखालून पेंटरचा ब्रश उठून दिसायला लागला. आडनाव आणि चाळीचं पहिलं अक्षर अजून वाचता येतं. रुमालाने घासल्याचे गोल गोल ओरखडेही आहेत, 'श्री.'च्या आसपास.

फोटो टाकत नाही.